चौथा बुधवार

"बुधवारी कनाला, सर?" धर्मा म्हणाला. "बुधवारी पान्याला जोर नाय. मना सुट्टी शुक्रवार-शनवार पायजे."

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी, हातात कटिंगचा ग्लास धरून तो हे बोलला. मी त्याला नुकतंच सांगितलं होतं, की परवा बुधवारी येऊ नकोस, घरी राहा, रजा धरणार नाही. त्याला वाटलं मी मेहेरबानी करतोय. धर्मा शिवडीच्या कोळीवाड्यातला. अमावस्या-पुनवेला समुद्राला उधाण येतं, तेव्हा भावाच्या होडीवर जाळं ओढायला एक हात कमी पडतो, म्हणून महिन्यातून दोन-तीनदा अर्धी रजा टाकून तो दुपारी दोनला पळतो. साहेबाला आपली दया आली खरी, पण साहेबाला पाण्यातलं काही कळत नाही, असा त्याचा चेहरा झाला होता. हसून म्हणालाही, "आवस शनवारी हाय, सर. बुधवारी भांगाचाच पानी, मेलेला, जाळ्यात कचरा येल नुसता. पन तुमी आपनहून दिली, त्येच लय झाला." शुक्रवारचं बघू, मी म्हटलं, पण बुधवारी मात्र नक्की येऊ नकोस. तो मान डोलावून गेला. ती दया नव्हती. तो सापळा होता, आणि तो मी लावला होता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. माझं नाव हेमचंद्र. आमचं घराणं गिरगावातलं, आणि आम्ही मुंबईचे मूळचे असं आमच्या घरात कोणी विचारलं नाही तरी सांगायची पद्धत आहे. पणजोबांकडे जमिनी होत्या, आजोबांकडे त्या जमिनींचे कागद होते, अप्पांकडे नुसती कारकुनी उरली आणि माझ्याकडे कारकुनाची खोड उरली. मी दाराला कुलूप लावून जिन्यावरून परत येऊन ते ओढून बघतो. दुकानदार हसून बोलला की माझी नजर काट्याकडे जाते. माझी बायको सुनंदा म्हणते, तुम्ही देवळात गेलात तरी आधी मूर्तीच्या मागे कोण उभं आहे ते बघाल. मला ते वर्णन आवडत नाही, पण ते खोटं आहे असं मी कधी म्हटलेलं नाही. शिवाय ज्या कामाचे मला पैसे मिळतात त्या कामात ही खोड उपयोगाची आहे. परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आर्किटेक्ट लोकांचं एक मोठं ऑफिस आहे, तिथले सगळे कॉम्प्युटर मी सांभाळतो आणि धर्मा माझ्या हाताखाली आहे. साठेक माणसं दिवसभर गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या टॉवरचे नकाशे काढतात आणि ते सगळे नकाशे एका सर्व्हरवर राहतात. ज्या खात्यात पूर्वी सूत कातलं जायचं तिथेच हे चालतं. संपाला चोवीस वर्षं झाली. इथल्या पोरांना संप म्हणजे काय ते माहीत नाही आणि मी सांगायला जात नाही.

सर्व्हरमध्ये सहा डिस्क आहेत. बाहेरून त्या सहा, पण आतून एकच. प्रत्येक नकाशाचे तुकडे करून ते सहांवर पसरून ठेवायचे आणि तुकड्यांचा हिशेब असा ठेवायचा, की एखादी डिस्क मेली तर उरलेल्या पाचांना तिच्यावर काय होतं ते सांगता यावं. गेल्या हिवाळ्यात या सहाजणी फार रडवायला लागल्या होत्या. मोठा नकाशा सेव्ह करायला चाळीस-चाळीस सेकंद. पोरं बटण दाबून चहाला जायची. ऑफिसचे मालक मनमोहन, आमच्यातलेच, ठाकूरद्वारचे, अप्पांना ओळखणारे, मला म्हणाले, "हेम, याचं काहीतरी कर रे, नाहीतर माझी पोरं चहा पिऊन पिऊन मरतील." मी जानेवारीचे दोन आठवडे त्यात घातले. तुकडा केवढा करावा, लहान की मोठा. वाचताना पुढचं किती आधीच उचलून ठेवावं. एक एक आकडा बदलायचा, तोच नकाशा दहा वेळा सेव्ह करायचा, वहीत सेकंद लिहायचे. मग एक नवं कार्ड मागवलं. या कार्डाची गंमत अशी, की त्याच्यापाशी स्वतःची थोडी स्मृती असते. पोराने सेव्ह दाबलं की ते लगेच "झालं" म्हणतं, आणि डिस्कवर सावकाश नंतर लिहितं. म्हणजे खोटंच बोलतं, पण मधेच वीज गेली तरी खोटं उघडं पडू नये म्हणून त्याला एक छोटी बॅटरी असते, ती ते मधलं सगळं धरून ठेवते. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी जेवणानंतर मी ते बसवलं. चाळीस सेकंदांचे नऊ झाले. मनमोहननी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी एक्केचाळीस वर्षांचा माणूस, आनंदाने लाल झालो.

म्हणूनच मार्चच्या पहिल्या बुधवारी दुपारी दोन चाळीसला सगळं पुन्हा अडकलं तेव्हा ते माझ्या जिव्हारी लागलं. सहाही दिवे एकदम, न थांबता लुकलुकत होते. पोरं हाका मारायला लागली. रात्री आठ-साडेआठला आपोआप ठीक झालं. मी कोण काय लिहितंय याची यादी बघितली. साठ माणसं, सगळी नेहमीची. आकडे माझे बरोबर होते, ते मी दहादा तपासले होते, तेव्हा दोष आकड्यांचा असणं शक्य नव्हतं. मार्चच्या शेवटच्या बुधवारी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पुन्हा तेच, तेच दोन चाळीस. एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी पुन्हा. यंत्र असं वागत नाही, मी मनाशी म्हटलं. यंत्र बिघडलं की रोज बिघडतं. वेळ पाळून बिघडतो तो माणूस. कोणीतरी बसून सगळे नकाशे उतरवून घेतंय. यादीत त्याचं नाव दिसत नाही याचा अर्थ तो साधासुधा नाही, ज्याला यादीतून नाव पुसता येतं असा कोणीतरी आहे. आणि असं ज्याला येतं अशी माणसं ऑफिसात दोनच होती, त्यातला एक मी.

मी हजेरी काढली. तिन्ही बुधवारी धर्माने अर्धी रजा घेतली होती. तिन्ही वेळा दोनला गेला होता. दोनला जायचं, काम लावून ठेवायचं, आणि चाळीस मिनिटांनी ते आपोआप सुरू व्हायचं, तेव्हा आपण शिवडीला होडीत. मला त्याच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं. सहा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसतोय, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. दादरला हार्डवेअरचा कोर्स करून आलेला. त्याच्या डब्यातला सुका जवळा मी चार वेळा आवडीने खाल्लेला. आणि त्या दिवसापासून मला त्याची प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागली. फोन आला की तो खिडकीशी का जातो. नवा शर्ट कुठून आला. माझ्याकडे बघून हसतो तो जरा जास्तच का हसतो. गेटवरच्या बुधाजीला मी सांगून ठेवलं, की संध्याकाळी जाताना धर्माची बॅग बघत जा, पण सहज, सगळ्यांची बघतोय असं दाखवून. बुधाजीने "व्हय साहेब" म्हटलं आणि दुसरीकडे बघितलं. मग मेच्या सुरुवातीला दुसऱ्या एका ऑफिसच्या टॉवरच्या नकाशात आमच्यासारखाच गोल जिना निघाला. मनमोहननी मला बोलावलं. मी तेवढ्याचीच वाट बघत होतो असं आता वाटतं. मी हजेरीचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि तीन बुधवारांवर बोट ठेवलं. त्यांनी कागद जवळ ओढला. "खात्री आहे ना, हेम? घरदार आहे रे त्याला." मी म्हटलं, खात्री करून घेऊ. दर चौथ्या बुधवारी होतंय. चोवीस मेला त्याला घरी ठेवू. सर्व्हर सुरळीत चालला तर तोच. मनमोहन म्हणाले, "सुरळीत चालला तर गुरुवारी हातात पत्र देतो." एवढ्यावर ठरलं.

आणि सोमवारी सकाळी तो म्हणाला, बुधवारी कनाला.

मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. भिंतीवर तिथी-वारांचं कॅलेंडर आहे, दरवर्षी हिशेब खात्यातली कोणीतरी बाई आणून लावते. मी उठून ते खाली काढलं. अमावस्या शनिवारी. एप्रिलमधली गुरुवारी, म्हणजे त्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी. मार्चअखेरची नेमकी त्याच बुधवारी. त्याआधीची मंगळवारी, बुधवारच्या आदल्या दिवशी. अमावस्या दर वेळी दिवस-दीड दिवस पुढे सरकत होती आणि बुधवार होता तिथेच उभा होता. धर्मा अमावस्येबरोबर चालतो. त्याला दुसरा इलाजच नाही, पाणी त्याच्यासाठी थांबत नाही. पण सर्व्हर अमावस्येबरोबर चालत नव्हता. सर्व्हर बरोबर अठ्ठावीस दिवसांनी चालत होता. तीन वेळा दोघे एका वाटेवर भेटले, आणि चौथ्या वेळी धर्मा पुढे गेला होता. आम्हाला तिथी लागतात त्या पूजेला आणि श्राद्धाला. चतुर्थीपलीकडे चंद्राशी आमचं काही देणंघेणं नाही. अठ्ठावीस दिवस आणि महिना यांत फरक आहे हे कोळ्याला पायाखालच्या पाण्यावरून कळतं. मी मात्र इतके दिवस तो हजेरीचा कागद खिशात घेऊन फिरत होतो. मला घाम फुटला, एसीत. भीतीचा नव्हे; चोर सापडल्यावर फुटतो तसा. अठ्ठावीस दिवस मागे मोजत गेलं तर मार्चच्या पहिल्या बुधवारच्या मागे काय येतं, हे मला मोजायच्या आधीच कळलं होतं. फेब्रुवारीचा पहिला बुधवार. जेवणानंतर. माझं कार्ड.

कार्डाची स्वतःची एक नोंद असते. ती मी कधी उघडली नव्हती. का उघडली नव्हती तेही आठवलं. कार्ड बसवलं त्या दिवशी त्याची बॅटरी कोरी होती, अजून भरलेली नव्हती, आणि बॅटरी उतरलेली असली की कार्ड ओरडतं. एक बारीक, कान किटवणारा सूर. मनमोहनच्या काचेच्या खोलीत पाहुणे बसले होते. ते दारातून डोकावून म्हणाले, "हेम, आधी ते बोंबलणं बंद कर." मी बंद केलं. कायमचं. आणि अशा बारीकसारीक तक्रारींनी माझी टपाल-पेटी भरू नये म्हणून, डिस्क मेली तरच मला कळव, एरवी नको, असंही लिहून टाकलं. पाच मिनिटांचं काम. बॅटरी भरल्यावर त्याच हाताने मग मी वहीत नऊ सेकंद लिहिले होते. आता ती नोंद उघडली. तीन ओळी होत्या, तीन बुधवारांच्या, दुपारी दोन चाळीसच्या: बॅटरीची तपासणी सुरू. आणि खाली तिन्ही दिवशी रात्री आठनंतरची एकेक ओळ: तपासणी पूर्ण. कार्डाला आपल्या बॅटरीचा भरवसा नसतो. ती खरंच किती टिकेल हे बघायला ते अठ्ठावीस दिवसांतून एकदा तिला पूर्ण रिकामी करतं आणि पुन्हा भरतं. तेवढे पाच-सहा तास ते खोटं बोलू शकत नाही. प्रत्येक ओळ डिस्कवर उतरल्याशिवाय "झालं" म्हणत नाही. म्हणून सगळं अडकतं. यात कोणाची चोरी नाही, कोणाची हुशारी नाही. कार्डाने दर वेळी ओरडून सांगितलं असतं. त्याचं तोंड मी दाबलं होतं. आणि खरं सांगतो, पहिला विचार माझ्या मनात काय आला? की या ओळी धर्माने तर घातल्या नसतील ना. निदान अर्धा मिनिट मी तो विचार अगदी गंभीरपणे केला. मग मला माझीच किळस आली.

आणि मग तो वास आला. खरा वास नव्हे, ऑफिसात वास असतो फक्त एसीचा आणि कोणाच्या तरी पिझ्झाचा. जळलेल्या कार्बन पेपरचा वास. मी सतरा वर्षांचा होतो. अप्पा परळच्याच एका गिरणीत टाइमकीपर होते; हीच गिरणी नव्हे, हिच्या पलीकडची, आता तिथे काय आहे मला माहीत नाही. संप सुरू होऊन आठ-नऊ महिने झाले होते. मालकांनी गिरणी थोडी थोडी चालू करायचा घाट घातला होता. पोटाला चिमटा बसलेले काही कामगार मागच्या गेटने आत यायला लागले होते, आणि आत कोण आलं याची यादी अप्पा रोज दोन प्रतींत करायचे. दर आठ-पंधरा दिवसांनी ती यादी, नावानिशी, काळाचौकीतल्या भिंतीवर खडूने लिहिलेली सापडायची. मग त्या माणसांच्या घरांवर दगड. साहेबाने अप्पांना विचारलं, यादी बाहेर कशी जाते? अप्पांनी, आमच्या घराण्याला शोभेल अशा पद्धतीने, हजेरी काढली. टाइम ऑफिसचा शिपाई कुशाबा ज्या दिवशी लवकर घरी जायचा त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवर नावं दिसायची. अप्पांनी तीन तारखा दाखवल्या. कुशाबाला काढलं. सत्तावीस वर्षं नोकरी झालेला, मालवणाकडचा माणूस, काळाचौकीला राहायचा. दर मे महिन्यात गावाहून परतला की आमच्याकडे आमसुलांची पुडी आणून द्यायचा आणि मला "धाकटे सायब" म्हणायचा. त्याला काढायच्या आधी आठवडाभर गेटवर त्याची झडती घेत होते. टोपी काढून, धोतराचा सोगा झटकून. हे अप्पांनीच जेवताना सांगितलं होतं, आईला, समाधानाने.

तो एकदा घरी आला. सकाळी, आठ वाजता. दार मी उघडलं. आतून अप्पांनी हाताने खूण केली: नाही म्हणून सांग. मी म्हटलं, अप्पा घरात नाहीत. कुशाबाने माझ्याकडे बघितलं नाही, दाराशी पडलेल्या अप्पांच्या चपलांकडे बघितलं. "बरां," तो म्हणाला. "इल्लंय म्हणान सांगा. दुसरां काय नाय." चपलांपैकी एक उलटी पडली होती. जाताना त्याने वाकून ती सुलट केली, दोन्ही नीट जोडून ठेवल्या, शिपायाच्या सवयीने, आणि जिना उतरला. मला इतकी लाज वाटली की मी दार लावायचं विसरलो. त्या पावसाळ्यानंतर कधीतरी अप्पा ऑफिसातून रोज कसला तरी चुरगळलेला गठ्ठा पिशवीत घालून आणायला लागले आणि पहाटे बंबात घालायला लागले. काळे-निळे कागद. त्यांचा एक घाणेरडा, मेणकट वास न्हाणीघरात भरायचा, अंगाला लागायचा, कॉलेजात पोरं विचारायची. मी एकदा विचारलं, हे काय जाळता? "ऑफिसचा कचरा," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बंबाच्या निखाऱ्याकडे बघितलं. चोवीस वर्षं मला वाटत होतं, की तो कचरा होता.

कार्बन पेपर. दोन प्रतींत यादी करायची तर मधे कार्बन लागतो. तो नवा असला की उजेडात धरून अक्षरन् अक्षर वाचता येतं. अप्पा तो टोपलीत टाकत असणार. टोपली रद्दीत जात असणार, आणि रद्दीतून नावं भिंतीवर. कुशाबा त्यातला एक तुकडाही हातात न घेता घरी जात असणार, त्याच्या बायकोला दवाखान्यात न्यायला किंवा कशालाही. हे अप्पांना कळलं होतं. कळल्यावर त्यांनी तोंड उघडलं नाही, कार्बन घरी आणून जाळला. आणि कार्बन जळायला लागल्यावर भिंतीवरची नावं थांबली असणार, आणि सगळ्यांनी म्हटलं असणार, बघा, कुशाबा गेला आणि थांबलं. म्हणजे कुशाबा दुसऱ्यांदा चोर ठरला, तोही अप्पांच्या सावधगिरीने. याचा पुरावा माझ्याकडे काही नाही. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. पण मी त्यांना ओळखतो, कारण मी स्वतःला ओळखतो. मला त्या क्षणी अप्पांचा राग आला नाही. मला त्यांच्याविषयी इतकं वाईट वाटलं, की मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन, पंख्यांच्या घरघरीत, दार लावून उभा राहिलो.

कारण माझ्या हातातही बंब होता. मंगळवारी दिवसभर मी त्याच्यासमोर बसलो. ही तपासणी रविवारी ठेवता येते. एका ओळीचं काम. कोणताही शहाणा माणूस ती रविवारीच ठेवेल, ऑफिस बंद असताना, कोणाला कळणारसुद्धा नाही. बुधवारी ठेवणं हाच गाढवपणा. ती ओळ लिहिली की माझे नऊ सेकंद कायमचे नऊ राहणार. फक्त बुधवारी सर्व्हर सुरळीत चालेल, धर्मा घरी असेल, आणि गुरुवारी मनमोहन त्याच्या हातात पत्र देतील. मी ती ओळ लिहिलीसुद्धा. शेवटचं बटण दाबायचं ठेवलं. धर्मा शेजारी बसून कोणाचा तरी बिघडलेला माउस उघडत होता आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होता. मधेच म्हणाला, "सर, तुमी जेवलं नाय आज." मी म्हटलं भूक नाही. "डब्यात मांदेली हाय," तो म्हणाला, "शांतीनं तुमच्यासाठी येगळी दिलीय, बुधवारची रजा सांगितली ना तिला घरी जाऊन." शांती त्याची बायको. मी ती मांदेली खाल्ली. एक एक काटा काढून खाल्ली आणि प्रत्येक घासाला मला वाटत होतं, आता उठून जावं आणि सांगावं, आणि मी उठलो नाही. तिसरा एक रस्ताही सुचला, भेकडाला असे रस्ते पटकन सुचतात: काहीच करायचं नाही. बुधवारी होऊ दे जे होतंय ते, धर्मा आपोआप सुटेल, माझंही नाव येणार नाही. पण मग मनमोहन विचारतील, धर्मा नाही तर कोण? आणि मी पुन्हा हजेरी काढेन. हे मला इतकं स्पष्ट दिसलं, पुढचं नावसुद्धा दिसलं. संध्याकाळी सहाला मी लिहिलेली ओळ पुसली. तिच्या जागी दुसरी लिहिली, कार्डाचं तोंड उघडणारी, आणि बटण दाबून घरी गेलो.

बुधवारी दोन चाळीसला पंखे होते तसेच होते. दोन एक्केचाळीसला पहिली हाक आली, "सर, सेव्ह होत नाहीये." आणि मग बॅटरी उतरत गेली तसं तीनच्या सुमाराला ते ओरडायला लागलं. तो बारीक सूर सगळ्या जुन्या खात्यात घुमला, छत उंच आहे, वरचे लोखंडी पत्रे अजून गिरणीचेच आहेत. साठ माना वळल्या. मनमोहन बाहेर आले. मी उभा राहिलो. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की हा आवाज फेब्रुवारीत मी बंद केला होता, चारही बुधवार माझ्यामुळे गेले, धर्माचा याच्याशी काही संबंध नाही. धर्माचं नाव कशाला आलं हे बहुतेकांना कळलं नाही. मनमोहन मला काचेच्या खोलीत घेऊन गेले.

"हे तुला कधी कळलं?"

"सोमवारी."

"मग सोमवारी का नाही बोललास?"

मनमोहननी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "जिन्याचं म्हणशील तर गोल जिना काय, सगळेच काढतात आजकाल." आणि मी उठताना, "धर्माला काही सांगू नकोस. त्याला कळलेलंच नाही, म्हणजे झालंच नाही. रविवारी लाव ते तुझं, आणि विषय संपव." अप्पांचे साहेबही असेच गोड बोलत असतील.

गुरुवारी सकाळी मी धर्माला सर्व्हरच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. हजेरी, तीन बुधवार, सापळा, सगळं. सोमवार आणि मंगळवारही सांगितले. मांदेलीपर्यंत. तो ऐकत होता, डिस्कच्या हिरव्या दिव्यांकडे बघत. माफ कर, मी म्हटलं. तो शब्द माझ्या तोंडात मावत नव्हता, तरी म्हटला.

"मना ठावं हुता, सर," तो म्हणाला. "बुधाजी आमच्या आळीतलाच हाय. तुमी त्याला ज्या दिशी सांगितला, त्याच दिशी रातच्याला घरी येऊन बोलून गेला."

"मग तू बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? चोरी नाय केली, ही कशी दाखवनार?" त्याने खांदे उडवले. "बुधवारचा काय त्ये नव्हता कळला. वाटला, सर सुधारलं."

तो हसला नाही. रागावलाही नाही. बॅटरी रात्री आठ वाजता भरली होती, नोंदीत तशी ओळ होती: तपासणी पूर्ण, सर्व ठीक. शुक्रवारी त्याने अर्धी रजा घेतली. मागितली नाही, अर्ज लिहून दिला, कारणासकट, सहीसकट. आता सर्व्हरच्या खोलीत जायचं असेल तर तो मला आधी उठवतो, मी दारात उभा राहिल्याशिवाय किल्ली लावत नाही. कामात काही कमी नाही. माझ्याशी बोलतोही, कामापुरता. डबा वेगळा खातो.

आणि रोज संध्याकाळी निघताना तो माझ्या टेबलाशी थांबतो. बॅग टेबलावर ठेवतो, चेन ओढतो, दोन्ही बाजू हाताने फाकवून धरतो. रिकामा डबा, एक पंचा, छत्री, मुलीसाठी घेतलेली वही. "बघून घ्या, सर." मी पहिल्या दिवशी म्हटलं, अरे काय हे, नको. दुसऱ्या दिवशी म्हटलं, धर्मा, पुरे. तो नुसता उभा राहतो, मी बघेपर्यंत. आता दीड महिना झाला. मी काही म्हणत नाही. आणि खोटं का बोलू, दर वेळी माझी नजर आधी पंच्याखाली जाते.